सव्वातीन अंशांवर मामा

मामाशी चिमीचा अबोला सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं आणि दोघांनीही तो मोठ्या निष्ठेनं पाळला होता. कारण म्हणाल तर एवढंसं. आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सगळं गणगोत जमलं होतं आणि मामा नेहमीप्रमाणे मध्यभागी खुर्ची टाकून आपल्या बलूनच्या गोष्टी सांगत होता. गरम हवेचा, खाली टोपली लटकवलेला, तीनमजली घराएवढा बलून. सुट्टी मिळाली की मामा त्यात. "मी बलून असा चालवतो ना," असं तो म्हणायला आणि चिमी तोंडातला केक न गिळताच बोलून जायला एकच गाठ पडली. "मामा, तू कुठे चालवतोस? तू फक्त वर-खाली करतोस. चालवतो तो वारा!"

सगळे हसले. आजोबा तर कवळी सावरत हसले. मामाचा चेहरा पडला, पण तोही काही कमी नव्हता. "आणि तू गं? एवढी इंजिनियर झालीस आणि दिवसभर एक परात फिरवत बसतेस!" त्यालाही सगळे हसले. आजोबांनी पुन्हा कवळी सावरली. झालं. त्या दिवसापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. काही निरोप असला तर तो मामीमार्फत. मामी बिचारी टपालखात्यासारखी इकडचं तिकडे पोचवायची आणि मधल्या मध्ये शब्द जरा धुऊन घ्यायची.

परात म्हणजे रडारची तबकडी. एका लांबलचक तलावाच्या दक्षिण काठावर, टेकाडावर, हवामान केंद्र होतं आणि तिथे चिमी कामाला होती. रोज सकाळी सहाला तिथून एक पांढरा फुगा सोडायचा. त्याच्या खाली चंदेरी कागदाचा एक चौकोनी खोका लोंबत असे, तो रडारला लख्ख दिसायचा. फुगा वाऱ्यानं जाईल तिकडे तबकडी त्याच्यामागे मान वळवत राहायची. फुगा किती अंशांवर आहे, किती उंच आहे, किती लांब आहे हे दर अर्ध्या मिनिटाला टिपलं की कोणत्या उंचीवर कसा वारा वाहतोय ते हातात यायचं. काम साधं, पण रोजचं.

रडार मात्र नवं होतं. तीन महिन्यांपूर्वी बसवलेलं, अजून रीतसर ताब्यात न घेतलेलं. त्या दिवशी सकाळी मुख्य कचेरीतून तपासनीस आले ते त्याचसाठी. किडकिडीत अंगाचे, खिशाला तीन रंगांची तीन पेनं, हातात पन्नास पानी तक्ता. एक छोटं विमान तलावावरून ठरलेल्या वाटेनं उडणार, रडारनं त्याचा पाठलाग करायचा आणि रडार सांगतं ते कोन खरे की खोटे हे तपासनीसांनी ताडून बघायचं, असा बेत होता.

बेत धुक्यानं खाल्ला. साडेसातच्या सुमारास तलावावर धुकं दाटायला लागलं आणि पाहता पाहता समोरचा काठ, पाणी, कुंपण, सगळं गडप झालं. विमान तिकडे धावपट्टीवरच बसून राहिलं.

"वाट बघू," तपासनीस म्हणाले आणि खुर्चीत बसले. मग नुसतं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नसावं. "मॅडम, तोवर मला सांगा, हे कोन मोजतं कसं? तुमच्या शब्दांत. पुस्तकातलं मी वाचलंय."

चिमी जरा गोंधळली. तिच्या मदतीला तात्या आले. तात्या म्हणजे केंद्रातले सर्वांत जुने ऑपरेटर. दोन हातांनी दोन चाकं फिरवत दुर्बिणीतून फुग्याचा माग काढायचे, त्या काळापासूनचे. नव्या रडारलाही तशी दोन चाकं होती, अडीनडीला वापरायची. तात्या ती रोज फडक्यानं पुसत.

"साहेब, डोळे मिटा," तात्या म्हणाले.

"का?"

"मिटा तर खरं."

तपासनीसांनी डोळे मिटले. तात्या पाय न वाजवता कोपऱ्यात गेले आणि त्यांनी टाळी वाजवली. तपासनीसांची मान आपोआप तिकडे वळली.

"कसं कळलं?"

"या कानाला जास्त ऐकू आलं," डोळे उघडत तपासनीस म्हणाले.

"तेच!" चिमीला आता सूर सापडला. "दोन्ही कानांना सारखं ऐकू येईपर्यंत आपण मान वळवतो. सारखं झालं की नाक बरोबर आवाजाच्या दिशेला. तबकडीला असे चार कान आहेत, दोन वर, दोन खाली. ती हाक मारते, हाक लक्ष्यावर आपटून परत येते. वरच्या कानांना जास्त ऐकू आलं तर ती मान वर करते, डावीकडच्यांना जास्त आलं तर डावीकडे. चारही सारखे झाले की तिचं नाक नेमकं लक्ष्यावर. मग आपण फक्त तिची मान किती वळली तेवढं वाचायचं."

"आणि अंतर?"

"हाकेला ओ यायला किती वेळ लागला त्यावरून. एकदा ते कळलं की तेवढ्या वेळानं येणाऱ्या आवाजासाठी एक छोटी खिडकी उघडी ठेवायची आणि बाकीच्यांना दार बंद. नाहीतर डोंगर, होड्या, पाखरं सगळेच ओ देतात."

तपासनीसांनी हिरव्या पेनानं काहीतरी लिहिलं. हिरवं म्हणजे बरं असावं. इतक्यात चिमीचा फोन वाजला. मामी.

"चिमे, कामात आहेस का गं?"

"थोडी. बोल ना."

"काही नाही. आम्ही जरा वर आहोत."

"वर म्हणजे? गच्चीवर?"

"बलूनमध्ये."

चिमी उभी राहिली. मामी बावीस वर्षं त्या टोपलीत पाय ठेवायला तयार नव्हती. "तू? बलूनमध्ये?"

"लग्नाला आज तीस वर्षं झाली ना. हे म्हणाले, एकदा तरी चल. म्हटलं चला. साडेसातला पूर्वेच्या टेकडीवरून निघालो, छान ऊन होतं गं. आणि मग हे धुकं आलं. आता हाताची बोटंसुद्धा दिसत नाहीत."

"मामाच्या फोनवर नकाशा आहे ना? उंची, दिशा सगळं दाखवतो म्हणून मिरवत असतो तो."

मग मामी आवाज खाली आणून म्हणाली, "धुक्याचा फोटो काढायला गेले आणि फोन निसटला हातातून. डुबुक असा आवाज आला. त्यावरून खाली पाणी आहे एवढं कळलं."

"वायरलेस?"

"दुरुस्तीला दिलाय. हा माझा बटणांचा फोन आहे म्हणून बरं."

चिमीनं कपाळाला हात लावला. डोक्यात मात्र चक्रं फिरायला लागली होती. खालचा वारा तलावाच्या लांबीनं पश्चिमेला वाहत होता आणि पश्चिमेला धरणाची भिंत, तिच्यापलीकडे उच्चदाबाच्या तारांचे मनोरे. "गॅस किती उरलाय विचार."

मामीनं विचारलं. मामाचं गुरगुरणं चिमीला ऐकू आलं. "हे म्हणतात, पस्तीस मिनिटांचा. आणि म्हणतात की तिला सांग, घाबरायचं काही कारण नाही."

"मी कुठे घाबरलेय? सांग त्याला. आणि तू फोन चालू ठेव. मी बघते."

फोन स्पीकरवर टाकून चिमीनं तपासनीसांकडे पाहिलं. ताब्यात न घेतलेलं रडार, परवानगीशिवाय, स्वतःच्या मामासाठी. बोलायला सुरुवात कशी करावी हेच तिला कळेना. तपासनीस उठले, त्यांनी तक्त्याचं पहिलं पान काढलं आणि लाल पेनानं एक शब्द खोडला.

"विमान आलेलं नाही," ते म्हणाले. "लक्ष्य बदलण्याचा अधिकार मला आहे. लक्ष्य म्हणून काय लिहू?"

"मामा," चिमी म्हणाली.

"आणि मामी," तात्या म्हणाले.

तपासनीसांनी तसंच लिहिलं.

आता शोधायचं कसं? रडारचा झोत पेन्सिलीसारखा अरुंद, धुक्याच्या एवढ्या पसाऱ्यात कुठेही टोचत बसलं तर दुपार व्हायची. तात्यांनी तलावाचा नकाशा टेबलावर पसरला, पट्टी घेतली. "साडेसातला टेकडीवरून सुटले. आता आठ दहा. सकाळच्या फुग्यानं खालचा वारा सेकंदाला दोन मीटर सांगितलाय, पश्चिमेकडे. चाळीस मिनिटं म्हणजे..." त्यांनी ओठ हलवले. "पावणेपाच किलोमीटर पुढे आले असणार. इथे." पेन्सिलीचा ठिपका पाण्याच्या मधोमध पडला. "आपल्यापासून पाच-सव्वापाच किलोमीटर."

तबकडी गुरगुरत वळली. पडद्यावर त्या दिशेला दोन ठिपके उठले. एक पाच किलोमीटरवर, दुसरा त्याच्यामागे जेमतेम तीनशे मीटरवर. चिमीनं खिडकी पहिल्यावर ठेवली. तबकडीनं त्याला पकडलं आणि मान डोलवायला लागली. वर, खाली, वर, खाली.

"हे काय? होकार देतंय की काय?" तपासनीसांनी विचारलं.

"पाण्यामुळे होतं तसं," चिमी म्हणाली. "लक्ष्य पाण्याजवळ असलं की झोताचा खालचा भाग पाण्यावर आपटतो. पाणी आरशासारखं. मग रडारला दोन दिसतात, एक खरं आणि एक पाण्यातलं प्रतिबिंब. कधी याच्याकडे बघतं, कधी त्याच्याकडे."

पडद्यावरच्या आकड्यानं तेवढ्यात पाण्याखाली ऐंशी मीटर अशी उंची दाखवली. तात्यांनी जीभ चावली.

"पण हा मामाच आहे कशावरून?" तपासनीस म्हणाले. "होडी नसेल कशावरून?"

प्रश्न बिनतोड होता. चिमी फोनकडे वाकली. "मामी, त्याला सांग, बर्नर पेटव आणि सरळ वर ये. दोन मिनिटं."

"हे म्हणतात, वर कशाला? वरून काय जमीन दिसणार आहे?"

"त्याला सांग, दोघांपैकी जो वर जाईल तो माझा मामा."

फोनमधून बर्नरचा फुरफुराट आला. तिघं पडद्याला डोळे लावून बसले. पहिला ठिपका जागचा हलेना, नुसता मान डोलवत राहिला. धुक्यात नांगर टाकून बसलेली होडी असणार. चिमीनं खिडकी तीनशे मीटर मागे सरकवली. दुसऱ्यानंही आधी तोच डोल सुरू केला. एक अंश, अर्धा, पुन्हा एक. मग दीड. मग दोन. पाण्यातलं प्रतिबिंब झोताबाहेर पडलं, तसा तबकडीचा डोल थांबला आणि ती शहाण्या मुलीसारखी सावकाश, एकसारखी वर सरकायला लागली.

"सापडला!" तात्यांनी टेबलावर थाप मारली. पट्टी खाली पडली.

पुढचं काम वाऱ्याचं होतं. सकाळच्या फुग्याचा कागद चिमीनं समोर ओढला. अडीचशे मीटरपर्यंत वारा पश्चिमेकडे, त्याच्यावर चारशेपर्यंत दक्षिणेकडून उत्तरेला, सेकंदाला तीन मीटर. उत्तर काठ साडेतीन किलोमीटरवर. वीस मिनिटांत जमीन! त्याच्यावर गेलं तर मात्र वारा पुन्हा फिरत होता.

"मामी, त्याला सांग, तीनशे मीटरवर थांब. वर नको, खाली नको. तिथला वारा तुम्हाला उत्तर काठाला नेईल."

"हे म्हणतात, मला माहीत आहे वारा कुठला आहे ते."

"मग कुठला आहे?"

पलीकडे बर्नर दोनदा फुरफुरला.

"हे म्हणतात, तूच सांग."

चिमीनं हसू दाबलं. तिनं सांगितलं, मामीनं पोचवलं. उंचीचा कोन चढत गेला आणि सव्वातीन अंशांवर येऊन ठेपला. "तीनशे झाले. आता धर तिथेच," चिमी म्हणाली आणि काटा खरोखरच थांबला. बावीस वर्षं बलून उडवणाऱ्या माणसाचा हात होता तो. थोडं पेटवायचं, थोडं थांबायचं. तीनशे मीटरचे दोनशे नव्वद होत, पुन्हा तीनशे दहा. बस्स. असा स्थिर हात चिमीनं कुणाचा पाहिला नव्हता आणि ते तिला त्या क्षणी कबूल करावंच लागलं, निदान मनातल्या मनात.

"अगंबाई," मामी एकदम म्हणाली. "चिमे, वर ऊन आहे गं! खाली नुसती कापसाची गादी, लांब लांब. किती छान दिसतंय!"

"बघून घे," चिमी म्हणाली. "पंधरा मिनिटं आहेत."

तात्या दर अर्ध्या मिनिटाला नकाशावर ठिपका देत होते. तपासनीस घड्याळ हातात धरून वेळ पुकारत होते, कुणी सांगितलेलं नसताना. ठिपके उत्तरेला चालले. सगळं सुरळीत चाललं होतं आणि म्हणूनच असेल, आठव्या मिनिटाला तबकडीनं एकदम हिसका मारला आणि ती भराभर उजवीकडे वळायला लागली.

चिमीनं आकडे पाहिले. सेकंदाला चौदा मीटर! तेही वाऱ्याला आडवं. "मामी! तुम्ही वळलात का?"

"आम्ही कशाला वळू?" मामी म्हणाली. "याला वळता येतं होय?"

पलीकडून मामाचं खाकरणं ऐकू आलं. चिमीला ते ऐकायला फुरसत नव्हती. "तात्या, पाखरं! थवा मध्ये आला. तेवढ्याच अंतरावरून गेला आणि रडार त्याच्या मागे लागलं."

यंत्राला काय, मोठ्यानं ओ दिली त्याच्याकडे वळायचं. मोठा थवा असला की बलूनच्या टोपलीपेक्षा जास्त ओ देतो. तात्या केव्हाच खुर्चीवर बसले होते, दोन हात दोन चाकांवर. "आपोआपचं बटण बंद करा," एवढंच म्हणाले. चिमीनं बटण दाबलं. तात्यांनी नकाशावरच्या शेवटच्या ठिपक्याकडे एकदा पाहिलं, पुढचा ठिपका कुठे पडला असता ते मनाशी धरलं आणि तबकडी मागे आणली. अंतर वाढल्यानं कोन थोडा उतरला असणार, म्हणून उंचीचं चाक त्यांनी तीनवर नेलं आणि दिशेचं चाक बोटभर पुढे, बोटभर मागे करत राहिले. दहा सेकंद गेले. पंधरा. तपासनीस वेळ पुकारायचं विसरले.

"हा बघा," तात्या म्हणाले. "पकडा."

चिमीनं खिडकी त्याच्यावर ठेवली आणि आपोआपचं बटण पुन्हा दाबलं. तबकडी पुन्हा हळूहळू उत्तरेकडे सरकायला लागली, सेकंदाला तीन मीटर. तात्यांनी चाकांवरून हात काढले. फडकं घेऊन दोन्ही चाकं पुसली.

आठ चौतीसला ठिपक्यानं उत्तर काठ ओलांडला. चिमीनं आणखी अडीच मिनिटं जाऊ दिली. खाली येताना पुन्हा खालचा वारा लागणार, तो काठाला समांतर पश्चिमेला ओढणार, तेवढी जमीन हाताशी हवी. पुढे नकाशावर मोकळी शेतं होती.

"मामी, आता उतरायचं. पण आता मी सांगते ती उंची लगेच त्याच्यापर्यंत पोचायला हवी. मध्ये वेळ घालवता यायचा नाही."

"त्यांचे दोन्ही हात अडकलेत गं. मी फोन त्यांच्या कानाला लावते."

फोनमध्ये खरखर झाली. मग कुणाचा तरी श्वास.

"मामा," चिमी म्हणाली.

"बोल."

दीड वर्षानं निघालेले हे दोन शब्द. त्यांच्याकडे लक्ष द्यायला दोघांनाही वेळ नव्हता.

"हळू उतर. सेकंदाला एक मीटर. मी आकडे सांगते."

"खाली धुकं आहे. मला जमीन कधी दिसेल?"

"अगदी शेवटी. तोवर माझ्यावर भरवसा ठेव."

"दुसरं करू काय?" मामा म्हणाला. आवाजात नेहमीचा गुर्मीचा सूर नव्हता.

दोनशे. दीडशे. एकशेवीसला तबकडी पुन्हा डोलायला लागली. चिमीला हे अपेक्षित होतं. जमीन पाण्याइतकी लख्ख आरसा नसते, पण खाली आलेल्या झोताला फसवायला तीही पुरते. तीन महिने या डोलण्यावर तिनं डोकं फोडलं होतं आणि मागच्याच आठवड्यात एक युक्ती करून पाहिली होती. करून पाहिली होती एकदाच, तीही बदकांवर.

"तात्या, उंचीचा कोन एक अंशावर बांधून टाका. तबकडीला खाली बघूच देऊ नका."

"आणि मग उंची कशी कळणार?" तपासनीसांनी विचारलं.

"नाक एक अंशावरच ठेवायचं. वरच्या कानांपेक्षा खालच्या कानांना किती जास्त ऐकू येतंय ते या काट्यावर वाचायचं. त्यावरून लक्ष्य नाकाच्या किती खाली आहे ते कळतं. सात किलोमीटरवर अंशाचा दहावा हिस्सा म्हणजे बारा मीटर. अगदी अचूक नाही, पण निदान डोलत तरी नाही." आणि फोनमध्ये, "मामा, शंभर. ऐंशी. जरा पेटव, वेग वाढलाय."

फुरफुर.

"सत्तर. साठ. छान. पन्नास. चाळीस, यात दहा इकडे-तिकडे धर."

"चिमे, काही दिसत नाहीये."

"दिसेल. तीस." काटा थरथरला, शेताच्या बांधांचे, झाडांचे, कशाकशाचे आवाज त्यात मिसळायला लागले. मग ठिपका गढूळ झाला आणि गेला. "मामा, आता तू मला दिसत नाहीस. आता तुझं तू बघ."

पलीकडे श्वास, दोरीचा करकराट, मामीचं "अहो, अहो, अहो." आणि मग मामाचा तो जुना, घर डोक्यावर घेणारा आवाज, "कोबी! कोबी दिसतोय!"

धप्प. आणखी एकदा धप्प. टोपली फरफटल्याचा आवाज. खोलीत तिघंही फोनवर वाकले.

"उतरलो," मामीचा आवाज आला. "टोपली आडवी झालीये. मी ह्यांच्या अंगावर आहे. कुणाला काही झालेलं नाही. कोबीला झालंय."

तात्या इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. चिमी खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. खिडकीतून काहीही दिसत नव्हतं, पण ती बराच वेळ तिकडेच बघत होती. तपासनीसांनी घड्याळ खिशात टाकलं आणि दोन मिनिटं अगदी मन लावून पेनांची टोपणं लावली.

दुपारी धुकं विरलं, विमान आलं, ठरलेल्या सगळ्या फेऱ्या झाल्या. वरच्या कोनांत रडार अगदी चोख निघालं. खालच्या फेरीत डोललं, तेव्हा तपासनीस म्हणाले, "ते मघाचं करा." चिमीनं केलं. चूक अंशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बसली. निघताना त्यांनी तक्त्यावर सही केली आणि खाली हिरव्या पेनानं एक ओळ लिहिली, की पाण्यालगतच्या लक्ष्यासाठी केंद्रातल्या मॅडमनी शोधलेली रीत माहितीपुस्तकात घालावी, तीन आठवड्यांत लिहून पाठवावी. मामाच्या फेरीचे आकडेही त्यांनी जोडले. रकाना रिकामा सोडणं त्यांना जमत नव्हतं.

साडेचारला चिमी आणि तात्या केंद्राची जीप घेऊन उत्तर काठाला पोचले. दवानं भिजलेलं बलूनचं कापड मामानं बांधावर उन्हात वाळत घातलं होतं, अख्ख्या शेताएवढं, लाल-पिवळं. शेतमालकीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मामीनं एव्हाना त्यांच्याशी मैत्री जुळवली होती आणि दोघी मिळून दबलेले कोबी वेगळे काढत होत्या.

मामानं चिमीला बघून कापडाकडे बोट दाखवलं. "त्या टोकाला धर," एवढंच म्हणाला. तिनं धरलं. मग घड्या घालायच्या, मग गुंडाळायचं, मग गुंडाळीवर बसून आतली हवा काढायची. मामा हुकूम सोडत होता, चिमी निमूट ऐकत होती. या कामात त्याला जे येत होतं ते तिला येत नव्हतं आणि वाद घालायला जागाच नव्हती. शेवटी दोघं त्या मऊ गाठोड्यावर शेजारी शेजारी बसले. खालून हवा सुस्कारा टाकत निघत होती.

"ते पाखरांचं काय झालं होतं?" मामानं विचारलं.

तिनं सांगितलं. तात्यांनी चाकं कशी फिरवली तेही सांगितलं. मामानं लांब उभ्या असलेल्या तात्यांकडे आदरानं पाहिलं.

"तीनशेवर तू जे धरून ठेवलंस ना," चिमी म्हणाली, "पंधरा मिनिटं. काटा हलला नाही मामा. मी आमच्या मशीनवरसुद्धा इतकं स्थिर कुणाला पाहिलेलं नाही."

मामानं बुटाच्या टाचेनं माती उकरली. "चिमे, मी घाबरलो होतो गं. तुझ्या मामीला म्हटलं, असं होतंच नेहमी, काळजी करू नकोस. बावीस वर्षांत एकदाही झालेलं नाही असं."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, मला कळतंय. आणि माझा सदरा धरून ठेवला मागून. मी टोपलीतून पडेन म्हणून."

चिमी हसली. मामाही हसला, आधी थोडं, मग पोट धरून. मामीनं कोबीच्या ढिगाऱ्यातून मान वर करून विचारलं, "काय झालं गं?" पण दोघांनाही सांगता येईना.

मग उठून चौघांनी मिळून ते गाठोडं जीपमध्ये चढवायला घेतलं. एक, दोन, तीन म्हटलं तरी ते जागचं हलेना. शेतमालकीणबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग पदर खोचून पुढे आल्या. "सरका बाजूला," त्या म्हणाल्या. "असं नाही उचलत. खालून हात घाला."